डोळ्यांचें अन्न

मराठींत चष्म्याला 'चाळिशी' असें एक जुनें नांव आहे. माणसाचें वय आणि नाकावरचें भिंग यांची एका शब्दांत गांठ घालणाऱ्या या नांवांत व्यवहाराचें मोठें शहाणपण आहे. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होत जाते, पोथी किंवा वर्तमानपत्र हातभर दूर धरल्याशिवाय अक्षर लागत नाहीं आणि सुई ओंवण्यासाठीं मुलांना हांक मारावी लागते. हा वयाचा धर्म आहे. कोणतीहि भाजी, कोणतेंहि तूप किंवा कोणतेंहि चाटण तें भिंग पुन्हां लवचिक करीत नाहीं. परंतु साठी-सत्तरीनंतर कित्येकांची दृष्टि जी खरोखरच हरपते, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखूं येत नाहीं, चष्मा कितीहि बदलला तरी ओळ सरळ दिसत नाहीं, ती गोष्ट निराळी. या दुसऱ्या प्रकारच्या हानींत अन्नाचा वांटा किती, आणि रोजच्या ताटाच्या बळावर ती कितपत लांबवितां येते, हा प्रश्न ज्या घरांत वडीलधारी माणसें आहेत अशा प्रत्येक घराचा आहे. त्याच्या उत्तराचा माग घेतां घेतां तीन हजारांहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

या कथेचा आरंभ म्हातारपणाच्या रोगापासून होत नाहीं. तो रातांधळ्यापासून होतो. दिवसां ज्याला सर्व कांहीं स्वच्छ दिसतें, तोच माणूस दिवेलागणीला भिंत चांचपीत चालूं लागतो, ही विचित्र गोष्ट प्राचीन वैद्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. इ. स. पूर्वीं सुमारें १५५० या काळांतील 'एबर्स पपायरस' नांवाच्या इजिप्तमधील वैद्यकीय लेखांत डोळ्यांसाठीं बैलाच्या यकृताचा उपाय दिलेला आहे. ग्रीस देशांत हिपॉक्रेटीसच्या परंपरेंतील ग्रंथांत यकृत मधाबरोबर खाण्यास सांगितलें आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नक्तांध्यावर यकृत व पिंपळी यांचा योग आला आहे. डोळ्यांना लागणारें एक विशिष्ट द्रव्य प्राण्याचें शरीर मुख्यतः यकृतांतच सांठवून ठेवतें, हें त्या वैद्यांपैकीं कोणालाहि ठाऊक नव्हतें. उपाय हातीं होता. कारण मात्र हातीं नव्हतें.

कारण ठाऊक नसलेल्या उपायाची अवस्था मोठी नाजूक असते. त्याला कोणीहि सहज हंसूं शकतो. १८५७ ते १८५९ या काळांत 'नोवारा' नांवाची ऑस्ट्रियाची युद्धनौका पृथ्वीप्रदक्षिणेस गेली होती. त्या दीर्घ प्रवासांत अनेक खलाशांना संध्याकाळनंतर दिसेनासें झालें. जहाजावरील वैद्य एडुआर्ड श्वार्त्स यानें त्यांना बैलाचें शिजविलेलें यकृत खाऊं घातलें आणि ते बरे झाले. या रोगाचें मूळ निकृष्ट आहारांत आहे, असें मत त्यानें परत आल्यावर मांडलें. परंतु त्याजवर टीकाच अधिक झाली. वास्तविक याच्या चाळीस वर्षें आधीं, १८१६ सालीं, फ्रान्समध्यें फ्रांस्वा मजांदी यानें कुत्र्यांना केवळ साखर व शुद्ध पाणी यांवर ठेवून पाहिलें होतें. कांहीं आठवड्यांतच त्यांच्या डोळ्यांच्या पुढील पारदर्शक पडद्यावर व्रण पडले आणि अखेर तीं जनावरें मेलीं. पोट भरणें आणि पोषण होणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा त्या प्रयोगांत स्पष्ट होता. तो वाचण्याची दृष्टि मात्र त्या काळाला नव्हती.

ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत आली. १९१३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत एल्मर मॅकॉलम हा शास्त्रज्ञ आणि प्रारंभीं बिनपगारी काम करणारी त्याची सहकारी मार्गरीट डेव्हिस यांनीं पांढऱ्या उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आहारांतील स्निग्धांश डुकराच्या चरबीचा किंवा ऑलिव्हच्या तेलाचा असला तर उंदरांची वाढ खुंटे. लोण्यांतील किंवा अंड्याच्या बलकांतील स्निग्धांश देतांच ती पुन्हां सुरू होई. त्याच वर्षीं टॉमस ऑस्बोर्न व लाफायेत मेंडेल यांनींहि लोण्याविषयीं हाच निष्कर्ष काढला, आणि आजारी उंदरांचे बिघडलेले डोळे लोण्यानें सुधारतात हें नमूद केलें. सर्व स्निग्ध पदार्थ सारखे नाहींत; कांहींत असें एक द्रव्य आहे कीं जें अत्यल्प असूनहि अपरिहार्य आहे, हें यावरून सिद्ध झालें. त्याला आधीं 'चरबींत विरघळणारें अ' असें म्हणत. पुढें १९२० सालीं जॅक ड्रमंड यानें सुचविलेल्या पद्धतीप्रमाणें तें 'अ' जीवनसत्त्व या नांवानें रूढ झालें.

प्रयोगशाळेंतील उंदरांनीं जें सांगितलें, तेंच पहिल्या महायुद्धानें डेन्मार्कमधील बालकांच्या रूपानें सांगितलें. डेन्मार्क हा दुधालोण्याचा देश. परंतु लोणी परदेशीं विकलें जाई आणि गरिबांच्या घरीं साय काढलेलें दूध व वनस्पतितेलांचें कृत्रिम लोणी राही. तेथील बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख याच्याकडे डोळे कोरडे पडून फुटूं लागलेलीं मुलें मोठ्या संख्येनें येऊं लागलीं. त्यानें सायीचें दूध व माशाच्या यकृताचें तेल देऊन कित्येकांचे डोळे वांचविले. पुढें पाणबुड्यांच्या युद्धामुळें व्यापार अडला, कृत्रिम लोण्याचा कच्चा माल येईनासा झाला आणि १९१७ च्या अखेरीस सरकारनें खरें लोणी शिधापद्धतीनें सर्वांना वांटलें. त्याबरोबर तो नेत्ररोग जवळजवळ नाहींसा झाला. देशांत लोणी नव्हतें म्हणून मुलें आंधळीं होत नव्हतीं. लोणी होतें, पण त्यांच्या वांट्याला येत नव्हतें. आहाराच्या इतिहासांत हें वाक्य पुनःपुन्हां लिहावें लागतें.

आतां प्रश्न असा उभा राहिला कीं, ज्यांना लोणी, अंडीं किंवा यकृत मिळत नाहीं, अथवा जे शाकाहारी आहेत, त्यांचें काय? याचें उत्तर रंगानें दिलें. १९१९ सालीं हॅरी स्टीनबॉक याच्या असें ध्यानांत आलें कीं, पिवळा मका, गाजर, पिवळें रताळें यांत हा गुण आहे आणि पांढऱ्या मक्यांत तो नाहीं. १९३० सालीं केंब्रिजमध्यें टॉमस मूर यानें दाखविलें कीं, वनस्पतींतील कॅरोटीन नांवाचें पिवळें-नारिंगी द्रव्य प्राण्याच्या शरीरांत गेल्यावर 'अ' जीवनसत्त्वांत पालटतें. हिरव्या पालेभाज्यांतहि हें पिवळें द्रव्य भरपूर असतें. हिरव्या रंगाखालीं तें झांकलेलें असतें, इतकेंच. गाईनें खाल्लेल्या हिरव्या चाऱ्याचा पिवळेपणा लोण्यांत उतरतो, तो याच मार्गानें.

डोळ्याच्या आंत हें द्रव्य कोणतें कार्य करतें, हेंहि याच सुमारास उलगडलें. डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावर एक तांबूस-जांभळें द्रव्य असून तें प्रकाशांत फिकें होतें व अंधारांत पुन्हां भरून येतें, असें फ्रान्झ बोल यानें १८७६ सालींच पाहिलें होतें. १९२५ सालीं फ्रीडेरिसिया व होल्म या डॅनिश संशोधकांनीं दाखविलें कीं, 'अ' जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांत हें भरून येणें मंदावतें. १९३३ सालीं तरुण जॉर्ज वॉल्ड याला खुद्द दृष्टिपटलांतच 'अ' जीवनसत्त्व सांपडलें. रातांधळ्या माणसाला यकृत खाऊन संध्याकाळीं पुन्हां दिसूं कां लागतें, याचा उलगडा अशा रीतीनें झाला. या शोधमालिकेबद्दल वॉल्ड याला १९६७ सालीं इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

या ज्ञानाचा प्रतिध्वनि हिंदुस्थानांत निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथें उमटला. रॉबर्ट मॅककॅरिसन यानें तेथें उभारलेल्या पोषण-संशोधनशाळेचें काम १९३५ पासून डब्ल्यू. आर. अक्रॉइड पाहूं लागला. दक्षिणेंतील गरीब मुलांचे डोळे 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावीं जात असत, आणि त्यांवर तांबड्या ताडतेलाचा उपयोग करून पाहिल्याचें त्यानें १९३७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकेंहि तेथून बाहेर पडलीं, आणि शेवग्याचा पाला, अळू, राजगिरा असल्या स्वस्त पाल्यांचें खरें मोल आंकड्यांनीं मांडलें गेलें. ही संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली आणि पुढें राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें प्रसिद्धीस आली. बालकांना 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ठराविक काळानें देण्याचा कार्यक्रम भारत सरकारनें १९७० सालीं हातीं घेतला. १९८६ सालीं आल्फ्रेड सॉमर व त्याचे सहकारी यांनीं इंडोनेशियांतील अचे प्रांतांतील पाहणी प्रसिद्ध केली. अशा मात्रेनें केवळ डोळेच नव्हे, तर जीवहि वांचतात, आणि बालमृत्यु सुमारें एक तृतीयांशानें घटतात, असें तींत आढळून आलें.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. परंतु प्रत्येक मोठ्या विजयाबरोबर एकादा भ्रमहि जन्मास येतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० च्या नोव्हेंबरांत, ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम यानें रात्रीच्या काळोखांत शत्रूचें विमान पाडलें. त्याच्या विमानांत बसविलेलें रडार हें त्याचें खरें कारण होतें. पण तें गुपित होतें. लोकांत मात्र गाजरें खाल्ल्यानें वैमानिकांची नजर मांजरासारखी होते ही कथा पसरली, आणि गुपित झांकण्यास ती सोयीची ठरली. ब्रिटनमध्यें गाजरांचें पीक उदंड होतें, साखर दुर्मिळ होती, रस्त्यांवर दिवे नव्हते. तेव्हां सरकारी अन्नखात्यानेंहि गाजराची स्तुति करण्यांत कसूर केली नाहीं. या कथेंतील तर्कदोष मात्र आजहि अनेक घरांत टिकून आहे. ज्याची विहीर आटली आहे त्याला पाणी दिल्यानें मळा वांचतो. परंतु भरलेल्या विहिरींत आणखी पाणी ओतल्यानें पीक दुप्पट येत नाहीं. शरीरांत 'अ' जीवनसत्त्व पुरेसें असलेल्या माणसाची नजर गाजरानें तीक्ष्ण होत नाहीं, आणि त्याचा चष्माहि सुटत नाहीं. उलट, तयार 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाजवीपेक्षां फार घेतल्यास तीं यकृतास अपायकारक होतात.

मग वृद्धांच्या डोळ्यांचें काय? दृष्टिपटलाच्या मध्यभागीं एक लहानसा पिवळा ठिपका असतो. वाचन, शिवण, चेहऱ्याची ओळख हीं सर्व सूक्ष्म कामें त्याच्या स्वाधीन असतात. वयोमानानें हा पीतबिंदु झिजूं लागला म्हणजे कडेचें दिसत राहतें, पण जेथें पाहावें तेथेंच काळें पडतें. घरांत वावरतां येतें, पण नातवाचें तोंड दिसत नाहीं. या ठिपक्याला पिवळेपणा कोठून येतो, याचा विचार वॉल्ड यानें १९४५ सालीं केला आणि पानांतील पिवळ्या रंगाच्या जातीचेंच तें द्रव्य असावें, असें अनुमान काढलें. १९८५ सालीं बोन व लँड्रम यांनीं त्यांतील दोन द्रव्यें ओळखलीं: ल्यूटीन व झियाझँथीन. पहिल्याचें नांव पिवळ्या रंगावरून, तर दुसऱ्याचें मक्याच्या शास्त्रीय नांवावरून आलेलें आहे. हीं द्रव्यें निळा प्रखर प्रकाश शोषून घेतात आणि प्रकाशामुळें होणारी जाळपोळ शमवितात. मुख्य गोष्ट ही कीं, मानवी शरीर तीं स्वतः तयार करूं शकत नाहीं. डोळ्यांतील तो पिवळा ठिपका अक्षरशः खाल्लेल्या अन्नांतून रंगविला जातो.

१९९४ सालीं अमेरिकेंत योहाना सेडन व त्यांचे सहकारी यांनीं ५५ ते ८० वर्षांच्या स्त्रीपुरुषांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. या पिवळ्या वर्गांतील द्रव्यें आहारांतून सर्वांत अधिक घेणाऱ्यांत पीतबिंदूच्या प्रगत ऱ्हासाचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षां ४३ टक्क्यांनीं कमी आढळला, आणि पालकासारख्या हिरव्या पाल्याचा संबंध विशेष ठळक दिसला. तथापि पालक खाणारा माणूस कदाचित् फिरावयासहि जात असेल, धूम्रपानहि करीत नसेल. तेव्हां श्रेय पालकाचें कीं एकंदर राहणीचें, हें अशा तुलनेवरून निश्चित होत नाहीं. त्यासाठीं चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी कसोटीच लागते.

अशी कसोटी अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनें १९९२ मध्यें आरंभिली आणि २००१ सालीं तिचे निष्कर्ष बाहेर आले. 'क' व 'ई' जीवनसत्त्वें, बीटा-कॅरोटीन आणि जस्त यांची मोठी मात्रा एकत्र देण्यांत आली. ज्यांचा रोग मध्यम अवस्थेस पोंचला होता किंवा ज्यांचा एक डोळा आधींच गेला होता, अशांपैकीं पांच वर्षांत रोग प्रगत होण्याचें प्रमाण शंभरांत २८ होतें, तें २० वर आलें. आठ माणसें वांचलीं. वीस वांचलीं नाहींत. गेलेली दृष्टि कोणाचीहि परत आली नाहीं, ज्यांचा रोग अगदीं प्रारंभींचा होता त्यांना लाभ दिसला नाहीं, आणि मोतीबिंदूवरहि त्या गोळ्यांचा परिणाम झाला नाहीं. या आंकड्यांना तुच्छ लेखूं नये आणि त्यांचा गाजावाजाहि करूं नये. ज्या वृद्धाचें वाचन आणखी कांहीं वर्षें टिकलें, त्याला त्या आठांचें मोल विचारावें.

या गोळींतच एक कांटाहि होता. १९९४ सालीं फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील पाहणी प्रसिद्ध झाली. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनीं फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. प्रत्यक्षांत गोळ्या घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. १९९६ सालीं अमेरिकेंतील अशीच दुसरी कसोटी याच कारणानें मुदतीपूर्वीं थांबवावी लागली. जें द्रव्य गाजरांत व पालेभाजींत निर्धोक आहे, तेंच वेगळें काढून मोठ्या मात्रेनें दिलें असतां धूम्रपान करणाऱ्यास घातक ठरूं शकतें. म्हणून नेत्रसंस्थेच्या दुसऱ्या कसोटींत, जिचे निष्कर्ष २०१३ सालीं आले, बीटा-कॅरोटीनच्या जागीं १० मिलिग्रॅम ल्यूटीन व २ मिलिग्रॅम झियाझँथीन घालून पाहिलें गेलें आणि तोच योग अधिक सुरक्षित ठरला. माशाच्या तेलांतील सत्त्वाच्या गोळ्यांनीं मात्र जादा लाभ झाला नाहीं. तात्पर्य, अशी गोळी ही अन्न नव्हे, औषध आहे. आणि ती घ्यावी कीं नाहीं हें डोळे तपासल्यावर नेत्रवैद्यानें सांगावयाचें असतें.

ताटाचा डोळ्यांशीं आणखी एक संबंध आहे, आणि भारतीय घरांत तो सर्वांत निकडीचा आहे. मधुमेहानें दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरतात व फुटतात, आणि पुष्कळदां रोग्याला त्याची चाहूल उशिरां लागते. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ पाहणींत रक्तांतील साखर कसोशीनें आटोक्यांत ठेवल्यानें डोळे, मूत्रपिंड इत्यादींतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनीं घटले. त्या पाहणींतील रोग्यांचा पहिला उपचार औषध नव्हता. पहिले तीन महिने त्यांना आहारच सांगितला होता. तेव्हां पालेभाजी वाढतांना दुसऱ्या हातानें श्रीखंडाची वाटी पुढें सरकविली, तर तो हिशेब जमत नाहीं.

एवढ्या सगळ्या इतिहासाचा घरगुती अर्थ फार साधा निघतो. मेथी, पालक, तांदुळजा, अळू, शेवग्याचा पाला यांपैकीं एकादी भाजी रोजच्या पानांत असावी. पिवळें मक्याचें कणीस, तांबडा भोपळा, पिकलेली पपई हीं अधूनमधून असावींत. ज्यांना चालतात त्यांनीं अंडीं व मासे घ्यावेत. हीं पिवळीं द्रव्यें चरबींतच विरघळतात, म्हणून भाजी थोड्या तेलांत किंवा तुपांत परतलेली असावी. सावध राहण्याला मराठींत 'डोळ्यांत तेल घालणें' म्हणतात. तें तेल खरोखर फोडणींत घालावयाचें असतें. वृद्धांच्या बाबतींत आणखी एक खुबी आहे. दांत गेले कीं पालेभाजी सुटते, आणि दूधभात, चहा-बिस्किटें यांवर दिवस जातो. डोळ्यांना जें सर्वांत हवें, तेंच ताटांतून सर्वांत आधीं नाहींसें होतें. त्यावर ताकांतली पातळ भाजी किंवा बारीक चिरून वरणांत शिजविलेला पाला हा जुना उपाय उत्तम आहे. रक्त पातळ ठेवणारें वारफरिनसारखें औषध जे घेतात, त्यांनीं मात्र पाल्याचें प्रमाण एकाएकीं बदलूं नये. आधीं वैद्यास विचारावें.

अन्नानें मोतीबिंदु विरघळत नाहीं. त्याला शस्त्रक्रियाच लागते. काचबिंदु अन्नानें थांबत नाहीं. तो वेळींच ओळखावा लागतो. तंबाखू सोडणें, उन्हांत डोळ्यांवर सावली धरणें आणि वर्षांतून एकदां डोळे तपासून घेणें, हीं कामें कोणतीहि भाजी माणसाच्या वतीनें करीत नाहीं. परंतु जन्मभर रोज थोडाथोडा भरावा लागणारा जो पिवळा ठेवा डोळ्यांच्या मागें असतो, तो भरण्याचें काम स्वयंपाकघराचेंच आहे. डेन्मार्कमधील मुलांच्या बाबतींत लोणी देशांत होतें, पण ताटांत नव्हतें. ज्या घरांत पालेभाजी रोज येते, त्या घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या ताटांत ती वाढली जाते कीं नाहीं, आणि वाढलेली त्याला चावतां येते कीं नाहीं, एवढें आज संध्याकाळच्या जेवणाला पाहिलें तरी या इतिहासाचा उपयोग झाला असें म्हणतां येईल.